प्लेटवरची स्वच्छ जागा

या अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा सोबत एक फोटोही मागितला. "मॅडम, तो तुमचा नेहमीचा फोटो द्या. मध्ये भोक आणि भोवती गोल कडं असलेला. इथलं संशोधन म्हटलं की लोकांना तोच आठवतो."

तो फोटो मी देणार नाही. दुसरा देणार आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. माझा हात मुळातच संथ. या वर्षी तो आणखी संथ चालतो. सुतक फिटलं, राग फिटलेला नाही, आणि रागात लिहिताना मला प्रत्येक वाक्य दोनदा तपासावं लागतं. शिकवताना लागलेली सवय आहे.

मी मालवण तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीच्या आधीची बरीच वर्षं माझ्या प्रयोगशाळेत एकच काम चालायचं. त्याचं भारदस्त नाव 'वनस्पतींच्या साहाय्याने धातूंच्या ऑक्साइडचे सूक्ष्मकण तयार करणे'. माझा धाकटा भाऊ मोहन त्याला 'पानां उकळणे' म्हणायचा. "अक्का, तुका कॉलेजात पानां उकळूचो पगार गावता. आमची सुलभा घरात फुकट उकळता." सुलभा म्हणजे त्याची बायको. ती आतून ओरडायची, "मगे माका पण एक भट्टी घेवन देवा!"

मोहनचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. रातांब्याची, म्हणजे कोकमाची पानं आणायची, धुवायची, पाण्यात उकळून काढा गाळून घ्यायचा. दुसरीकडे जस्ताचा एक क्षार पाण्यात विरघळवायचा. दोन्ही एकत्र करून ढवळत राहिलं, आम्लपणा मारला, की तळाशी मळकट गाळ बसतो. तो धुऊन, वाळवून भट्टीत तापवला की पांढरी पावडर हाती येते. झिंक ऑक्साइड. कॅलामाइन लोशनमध्ये असतं तेच, फक्त याचे कण इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. पानातली द्रव्यं गाळाच्या कणांना धरून ठेवतात, एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाहीत. पानाचं काम एवढंच. भट्टीतून निघालेल्या पावडरीत पानाचा मागमूस फारसा उरत नाही. पण नाव पानाचंच लागतं, आणि पानाचं नाव लागलं की माणसं डोळे मिटून हात पुढे करतात.

मग जंतूंची परीक्षा. पेट्री डिश म्हणजे झाकणाची बुटकी काचेची बशी, आम्ही तिला प्लेट म्हणतो. तिच्यात शेवाळापासून केलेली जेली ओतून थिजवायची. तिच्यावर जंतू सारवायचे. मधोमध भोक पाडून त्यात पावडरीचं पाणी घालायचं आणि प्लेट उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जेलीभर जंतूंची फिकट साय धरलेली असते. औषधात दम असेल तर भोकाभोवती ती साय नसते. तिथे जेली पारदर्शक, काळसर दिसते. ते कडं. त्या कड्याची रुंदी मोजायची आणि निबंध लिहायचा.

असे निबंध देशभर ढिगाने निघतात. जांभळाचं पान, पेरूचं पान, कढीपत्ता. पान बदला, नवा निबंध. मी माझ्या मुलांना नेहमी आणखी दोन प्लेट करायला लावायचे. एकीत नुसता काढा, दुसरीत नुसता जस्ताचा क्षार. मुलं वैतागायची, कारण नुसता क्षारसुद्धा कडं देतो, आणि मग पानाचं कौतुक निम्म्यावर येतं. बाहेरून आलेले एक परीक्षक मला म्हणाले होते, "मॅडम, या जादा प्लेट कशाला दाखवता? पोस्टर किती छान झालं असतं." मी त्यांना चहा दिला. 

काम चालू असल्याची बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं यायला लागली. प्रयोगशाळा म्हणजे दुकान, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. एका हॉटेलवाल्याला खोल्यांच्या रंगात पावडर कालवून 'जंतुमुक्त खोली' अशी पाटी लावायची होती. एका बाईंना गोरं व्हायचं होतं. मासळी बाजारात बसणारी एक म्हातारी वाटा विकून सरळ वर आली, टोपली दाराशी ठेवली आणि म्हणाली, "गो बाय, ही तुझी पावडर सुरमयेवर मारलंय, तर मासो ताजो दिसात मा?"

"दिसात," मी म्हटलं. "असाचो नाय."

"दिसलो म्हणजे झाला गो. खाणारो खंय परत येता!"

आम्ही दोघीही हसलो. त्या हसण्याची मला आज चीड येते, पण त्या म्हातारीची नाही. तिने निदान सरळ विचारलं होतं, आणि मी नको म्हटल्यावर टोपली उचलून गेली.

संदेश तसा गेला नाही. संदेश हा माझा माजी विद्यार्थी. हायवेला त्याचा आमसुलं आणि सरबताचा छोटा कारखाना आहे. हुशार, गोडबोल्या, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. कोकमाच्या बियांचं तेल आमच्याकडे घरोघर असतं. थिजून पिवळसर गोळा होतो, तो पावसात चिखल्यांना आणि थंडीत भेगांना लावतात. संदेशची कल्पना अशी की या तेलात माझी पावडर घालून मलम करायचं. प्राचार्यांना ती फार आवडली. मूल्यांकनाची समिती यायची होती, तिला दाखवायला 'समाजाभिमुख संशोधन' हवं होतं. करार झाला, प्राचार्य आणि संदेश दोघांनी फाइल धरून फोटो काढला.

मी पावडर आणि मलम दोन्ही प्लेटवर लावून पाहिलं. पावडरीच्या पाण्याने नेहमीसारखं कडं दिलं. मलमाने काहीच दिलं नाही. भोकाच्या काठापर्यंत जंतूंची साय जशीच्या तशी. यात आश्चर्य काही नव्हतं. जस्ताला बाहेर पडायला पाणी लागतं. लोणच्यावर आपण तेलाचा थर देतो तो बाहेरचं आत शिरू नये म्हणून. तेच तेल आतलंही बाहेर सोडत नाही. पावडर तेलात गाडली गेली होती.

मी संदेशला बोलावून दोन्ही प्लेट दाखवल्या.

"मॅडम, प्लेट म्हणजे माणूस नव्हे ना," तो म्हणाला. "अंगाच्या उबेत तेल वितळता."

"मग ते तपास. त्याची रीत असते. जखमेवरच्या औषधाला परवानगी लागते, डॉक्टर लागतात."

"तपासूक आमका खंय येळ? सीझन तोंडार इलो. आणि ह्या औषध नाय मॅडम, प्रसाधन. डबयेवर तसाच लिवतलंय."

डबी छापून आली तेव्हा तिच्या पाठीवर बारीक अक्षरात 'प्रसाधन' होतं. झाकणावर ठळक अक्षरात 'जखम, चिखली, भेगा: हरित नॅनो शक्ती' होतं. आणि मधोमध माझ्या प्लेटचा फोटो होता. पावडरीच्या प्लेटचा, कड्याचा. देवाच्या डोक्यामागे प्रभावळ काढतात तसा छापलेला. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "फोटो कॉलेजच्या पोस्टरवरचा आहे, मॅडम. म्हणजे कॉलेजचा." मी म्हटलं, "फोटो कोणाचा हे मी विचारतच नाही. तो डबीतल्या वस्तूचा नाही, एवढंच सांगते आहे." ते म्हणाले, "तुम्ही फार बारकाव्यात जाता."

ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, एका कार्यालयात जाऊन लेखी तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी डबी उलटीपालटी केली, झाकण उघडून वास घेतला. "कोकमाचं तेल! आमच्या आईकडे असायचं." मग शुद्ध मराठीत समजावलं की औषध असेल तर एक टेबल, प्रसाधन असेल तर दुसरं, आणि दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ रजेवर आहेत. मी पुन्हा गेले तेव्हा ते बदलून गेले होते.

मलमाचं उद्घाटन देवळात झालं. गावच्या रिवाजाप्रमाणे डबी देवासमोर ठेवून मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज तुझ्या ह्या लेकरान जा औषध काढलेला आसा, तेका यश दी. जो कोण लावीत, तेचो घाव भरून काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात सर्वांत मोठा आवाज मोहनचा. बहिणीचं कौतुक गावासमोर होत होतं ना. प्रसादाचा नारळ घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी नारळ घेतला. पण घरी बोलले. दुसऱ्याच दिवशी बोलले.

मोहन एस.टी.त कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर खाडीकाठच्या घरी राहायचा, माडांना पाणी, गरीने मासे, ओहोटीला खडकावरची कालवं. साखरेचा विकार होता आणि त्याबद्दल तो बेफिकीर होता. त्याच्या ओटीवर बसून मी मोबाइलमधले दोन फोटो दाखवले. एक पावडरीच्या प्लेटचा, जो डबीवर होता. दुसरा मलमाच्या प्लेटचा.

त्याने चष्मा पुसून दोन्ही पाहिले. मग हसला.

"मगे हीच तर साफ आसा गो! पयल्या बशीत भोकाभोवती इतकीशीच जागा येगळी, बाकी पुरी तशीच. हेच्यात बग, डाग नाय का काय नाय. मलम पावडरीपेक्षा जोरात!"

मला समजायला क्षण लागला. त्याला कडं हा डाग वाटत होता. आणि साय धरलेली सबंध प्लेट, एकसारखी, फिकट, दुधाळ, ती त्याला पुसून लखलखीत केलेली वाटत होती.

"मोहन, उलटा बगतंस तू. ह्या दुधासारख्या दिसता ना, ता सगळा जंतू. ही बशी पुरी भरलेली आसा. साफ खंयच नाय."

"असांदे गो."

"असांदे काय? जखमेक लावू नको ता. टाचांक लाव होया तर."

"अक्का, तू मास्तरीण. कोणाक पैकीच्या पैकी देवक तुझो हात खंय वळता? स्वतःकच नापास करतंस!"

सुलभा चहा घेऊन आली, तिलाही त्याने तेच सांगितलं. "बग गो, आमच्या अक्काचो विनय."

विनय! मी आयुष्यभर जे शिकवलं ते माझ्या सख्ख्या भावाने विनय म्हणून बाजूला सारलं. त्याच्यावरही माझा राग आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावते. तो असता तर त्याने तो राग हसून उडवला असता, आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला गेले असते.

पावसाच्या आधी, उकाड्याच्या दिवसांत, ओहोटीला कालवं काढताना त्याचा पाय घसरला आणि तळव्याला कालवाची कड लागली. कालवाची कड पात्यासारखी असते. आमच्याकडे हे नेहमीचं. लोक पाय धुतात, हळद दाबतात आणि कामाला लागतात. पण खारट कोमट पाण्यात असे जंतू असतात की साखर असलेल्या माणसाच्या रक्तात ते शिरले तर वेळ देत नाहीत. माझ्या प्लेटवरचे जंतू प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या पोसलेले, पाळीव. मांजरावर काठी चालली म्हणून वाघासमोर तीच घेऊन कोणी जात नाही.

मी मालवणात होते. सहज फोन केला तेव्हा कळलं.

"काय लावलंस?"

"तुझा मलम."

"माझा नाय ता."

"बरा, संदेशाचा. फोटो तर तुझो मा?"

"मोहन, तुका साखर आसा. आत्ता डॉक्टराकडे जा."

"जातंय गो, उद्या जातंय. जरा दम धर. डबयेवर काय लिवला हा, जखमेक म्हणान. जखमच आसा ना ही?"

मी रिक्षा करून निघायला हवं होतं की नाही, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. तो इथे मांडत नाही, कारण तो मांडला की वाचणारे माझं सांत्वन करतील आणि डबी विसरतील.

सकाळी सुलभाचा फोन आला. "अक्का, पाय सुजान काळो पडलो हा. ह्येंका थंडी वाजता. अर्धी डबी संपली, उतार नाय." गेले तेव्हा पोटरीपर्यंत फोड आले होते. तालुक्याच्या दवाखान्यातून पुढे, तिथून गोव्याला. वाटेत तो बरळत होता, तिकिटं फाडत होता, "कसाल उतरा, कसाल उतरा" म्हणत होता. गोव्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जखमेवर काय लावलं होतं? सुलभाने पिशवीतून डबी काढून दिली. त्यांनी झाकणावरचं वाचलं, फोटो पाहिला, पाठीवरची बारीक अक्षरं वाचली आणि डबी सुलभाच्या तळहातावर परत ठेवली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याने नाही झालं. पण आदल्या दिवशी आणलं असतं, तर."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.  मोहन तिथून परत आला नाही.

दिवसकार्याला संदेश आला. फळांची टोपली, पांढरा शर्ट. मान खाली घालूनच म्हणाला, "मॅडम, मलमान कोण मरणा नाय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मलमाने कोणी मरत नाही. थांबल्याने मरतात. तुझ्या डबीने त्याला थांबायला सांगितलं होतं."

"मी खंय सांगलंय?"

"झाकणावर. माझ्या फोटोच्या वर."

सुलभा आतून आली. तिने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि एवढंच म्हणाली, "तुमी आता जावा."

फोटो काढून टाक, जखम हा शब्द काढून टाक, एवढंच मी त्याच्याकडे मागितलं. नुकसानभरपाई नाही, माफी नाही. महिन्याभराने नवी डबी बाजारात आली. फोटो तिथेच, जखमही तिथेच. पाठीवर एक ओळ वाढली होती: 'केवळ बाह्य उपयोगासाठी'.

माझा भाऊ काय मलम खाऊन मेला?

सुलभाकडे मी दर आठवड्याला जाते. ती जुनी डबी तिने फेकलेली नाही. अर्धं मलम रात्री टाचांना लावते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिच्या हातातून डबी ओढून घेतली. ती म्हणाली, "टाचांका बरा पडता गो अक्का." पडणारच. टाचांना बरं करतं ते तेल, जे तिच्याच फडताळात वाटीभर थिजलेलं पडलं आहे. डबीतली एवढीच गोष्ट खरी होती आणि तिला कोणाच्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. मी ते सांगितलं. तिने फडताळाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ह्येंनी हौसेन आणलेली."  मी डबी परत दिली.

आता फोटोबद्दल. काल मी संपादकांना मलमाच्या प्लेटचा फोटो पाठवला. तोच, जो मोहनला ओटीवर दाखवला होता. तासाभरात फोन आला.

"मॅडम, यात काहीच दिसत नाही हो. कडं नाही, काही नाही. नुसती स्वच्छ प्लेट आहे. चुकून दुसरा आला का?"

शिकलेला माणूस, विज्ञानाचे लेख छापणारा. आणि मोहनचंच वाक्य.  

"चुकून नाही," मी म्हटलं. "हाच छापा. मोठा छापा. आणि खाली एक ओळ घाला. मी सांगते, लिहून घ्या."

"सांगा."

"या प्लेटवर स्वच्छ जागा कुठेही नाही."